दुसऱ्याच्या दारातलं दुःख आणि आपला खोळंबा

वाचकांचे प्रश्न

एखाद्याच्या घरावर आभाळ कोसळतं आणि त्याच दिवशी आपली गाडी चुकते, हळद अडते, पेरणी थांबते. अशा वेळी मनाला काय सांगावं आणि हातांनी काय करावं, असं विचारणारी पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी रोज रेल्वेनं संभाजीनगरहून जालन्याला जाते. गेल्या महिन्यात बदनापूरच्या अलीकडे गाडी तासभर उभी राहिली. कुणीतरी गाडीखाली आलं होतं. डब्यात एक जण म्हणाला, "याला मरायला आपलीच गाडी सापडली का?" दोघं-तिघं हसले. मला संताप आला. पण खरं सांगायचं तर मिनिटभर आधी माझ्याही मनात 'आज मस्टरवर लाल शेरा' एवढंच आलं होतं. मी इतकी कोरडी झाले आहे का?
शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही, ताई. गाडी मध्येच थांबली की मन आधी आपल्या दिवसाचा हिशेब मांडतं. गेलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही, मुख्याध्यापकांचा रोज पाहता, म्हणून मन तिकडे धावलं. तो विचार येण्यात गुन्हा नाही. तो तोंडावाटे बाहेर काढायचा का आणि पुढचा तास कसा घालवायचा, हे मात्र आपल्या हातात असतं. तुम्ही तो गिळलात, आणि दुसऱ्यानं बोलून दाखवला तेव्हा तुम्हाला तो टोचला. कोरड्या माणसाला तसं टोचत नाही.

डब्यात बसलेल्याला 'गाडी उभी आहे' एवढंच कळतं, आणि बरीचशी चिडचिड त्या न कळण्यातून येते. बाहेर काय चाललेलं असतं ते सांगतो. ताशी शंभरच्या आसपास धावणारी भरली गाडी जोराचा ब्रेक लावला तरी पाऊण ते एक किलोमीटर पुढे जाऊन थांबते. चालकाला माणूस दिसतो, तो हॉर्न वाजवत राहतो, ब्रेक लावतो, आणि तरी गाडी त्या माणसापर्यंत पोहोचतेच. ते क्षण डोळ्यांसमोर घेऊनच तो तुम्हाला पुढे जालन्यापर्यंत नेणार असतो. गाडी थांबली की तो वॉकीटॉकीवर गार्डला कळवतो. मग कुणीतरी खडीवरून चालत मागे जातं. बावीस डब्यांची गाडीच अर्धा किलोमीटर भरते, अंधार असेल तर हे सगळं बॅटरीच्या उजेडात. माणसात जीव आहे का, हे आधी पाहतात. असेल तर लवकर उपचार मिळतील अशा स्टेशनापर्यंत नेण्याची धडपड होते. नसेल तर देह रुळांच्या बाजूला घेतात, जवळच्या स्टेशन मास्तरांना कळवतात, आणि पोलीस ताबा घेईपर्यंत तिथे कुणालातरी थांबवावं लागतं. त्यानंतर गाडीखालचे हवेचे पाइप पाहावे लागतात. धडकेत एखादा निसटला किंवा फाटला असेल तर ब्रेकसाठी लागणारा हवेचा दाब भरत नाही आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय आपल्या मनमाड-परभणी मार्गाचा बराचसा भाग एकेरी आहे. समोरून येणारी गाडी पुढच्या स्टेशनात खोळंबते, आणि तुमची सुटली तरी क्रॉसिंगला पुन्हा उभी राहते. तासाचे दीड तास होतात ते असे.

याच पट्ट्यात ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून पायी घराकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. त्यांनी सोबत बांधून घेतलेल्या चपात्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्या चपात्यांचा फोटो ज्यांनी पाहिला, त्यांना 'कुणीतरी गाडीखाली आलं' हे वाक्य पुन्हा नुसतं वाक्य म्हणून ऐकू येत नाही.

आता व्यवहाराचं. गाडी थांबण्याचं कारण कळताच शाळेला एकच संदेश पाठवा, आणि त्यात तीन गोष्टी घाला : काय झालं, किती उशीर धरावा, आपल्या जागी काय करावं. 'बदनापूरजवळ अपघात, गाडी उभी आहे. दीड तास उशीर धरा. पहिल्या तासाला सातवी ब ला तिसऱ्या धड्याचं वाचन द्यावं.' बस्स. दर दहा मिनिटांनी 'अजून उभीच' असं कळवत राहिलं की पलीकडच्याचाही जीव टांगणीला लागतो आणि आपलाही. गाडीची स्थिती १३९ वर कळते. गाडी किती उशिरानं पोहोचली, त्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे मस्टरचा प्रश्न शब्दावर राहत नाही.

खाली उतरू नका. फलाट नसताना पायरी खडीपासून खूप उंच असते, आणि गाडी सुटताना तुम्हाला विचारून सुटत नाही. उतरलेल्यांना पुन्हा चढवण्यात आणखी वेळ जातो. फोटो तर मुळीच नको. पोलिसांचा फोन जाण्याआधी घरच्यांनी आपलं माणूस कुठल्यातरी ग्रुपवर अंगावरच्या शर्टावरून ओळखलं, असं घडतं. 'आत्महत्याच असणार' हेही बोलू नये. रुळ ओलांडणारा, ऐकू कमी येणारा, शेळ्यांमागे धावणारा, कुणीही असू शकतं. हसणाऱ्याला हळू आवाजात एकदाच म्हणावं, "भाऊ, कुणाच्यातरी घरचं माणूस गेलंय." वाद घालत बसू नये. बहुतेक जण एवढ्यानं गप्प होतात, कारण हसणंही पुष्कळदा धास्तीतूनच आलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवरून जाताना छातीत धस्स झालं तर नवल मानू नका. आठ-पंधरा दिवसांत ते ओसरतं. झोप उडाली, गाडीत बसणंच नको वाटू लागलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मुलाची हळद संध्याकाळी, लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात. सकाळी सहाला शेजारच्या घरातले आजोबा गेले. गल्ली एकच, आमचा मांडव अर्ध्या गल्लीत. नातं नाही, सुतक नाही, पण चाळीस वर्षांचा शेजार. आम्ही हळद उरकली, डीजे मात्र वाजवला नाही. तरी शेजारी अजून तुटक वागतात. काय चुकलं?
गृहिणी, परभणी

उत्तर : डीजे बंद ठेवलात हे चांगलंच केलंत. तुमच्या पत्रात दोन जागा मात्र दिसत नाहीत. त्यांच्या घरी तुमच्याकडून पहिल्या तासात कोण गेलं, आणि तिरडी गल्लीतून कशी निघाली.

दुसरी आधी घेऊ. तिरडी माणसाहून लांब, सात-आठ फुटांची असते. दोन्ही बाजूंनी खांदेकरी म्हटले की सरळ वाटेला पाच-सहा फूट लागतात, आणि वळणावर त्याहून जास्त, कारण लांबी फिरवावी लागते. मांडवाचे खांब, तणावाच्या दोऱ्या, खुर्च्यांच्या थप्प्या, आचाऱ्याच्या शेगड्या नेमक्या त्या वळणावर असतात. खांदेकऱ्याचं लक्ष खाली नसतं, दोरीत पाय अडकतो. अशा दिवशी तिरडी जराशी कलंडली, तर ते घर जन्मभर विसरत नाही. म्हणून मांडववाल्याला लगेच बोलावून वाटेच्या बाजूचे पडदे वर गुंडाळायचे, दोऱ्या सोडून खांबाला आडव्या बांधायच्या, खुर्च्या आत घ्यायच्या, लायटिंगच्या माळांचा प्लग काढायचा. जनरेटर त्यांच्या खिडकीखाली असेल तर दुसऱ्या टोकाला ओढायचा. स्पीकरवाल्याला तुमच्यापैकी एकानं स्वतः फोन करायचा. त्याला कुणीच सांगत नाही, तो चारला येतो आणि 'हॅलो, माइक टेस्टिंग' सुरू करतो. चूक कुणाचीच नसते, घाव मात्र बसतो.

आता पहिली जागा. घरातलं एक मोठं माणूस, हळदीचं बोट न लागलेलं, साध्या कपड्यांत त्यांच्याकडे जायला हवं. तिथे "आम्ही हळद करू का?" असं विचारू नये. हा प्रश्न नम्र वाटतो, पण रडणाऱ्या माणसावर तो निकाल द्यायचं ओझं टाकतो. 'नको' म्हणावं तर दुसऱ्याच्या मंगलकार्यात खोडा, 'करा' म्हणावं तर आपल्याच बापाच्या दिवशी आपण होकार दिला. आपण ठरवून जावं आणि सांगावं : "काकू, वाजंत्री बंद केली आहे. हळद रात्री आतल्या घरात पाच जणींत उरकतो. वरात या गल्लीतून नेत नाही. मातीची वेळ किती धरलीय? कुणाची वाट पाहायची आहे?" वाट बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या लेकीची असते, आणि पुण्याहून परभणीला यायला सात-आठ तास सहज जातात. ते कळलं की तुमचंही वेळापत्रक बसतं. माती दुपारी चारला असेल तर हळद त्याच्या आत नको.

जेवणाचं सांगतो, कारण लग्नघर इथे खरंच उपयोगी पडतं. त्यांची चूल पेटणार नाही. काही घरांत कडू घास भावकीनंच आणायचा असतो, म्हणून आधी त्यांच्या एखाद्या नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारा. चहा-पाण्याला मात्र कुणी नको म्हणत नाही. साठ अर्धे कप चहाला तीन लिटर दूध, तेवढंच पाणी, पाऊण किलो साखर, दीडशे ग्रॅम पत्ती. वीस लिटरचे तीन-चार जार. जेवण चालणार असेल तर चाळीस माणसांना चार किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ आणि पिठलं-भाकरी. लग्नाच्या पातेल्यातली भाजी आणि गोडाचा पदार्थ त्यात नको, वेगळा साधा स्वयंपाक करा आणि साध्या डब्यांतून द्या. तुमच्या वऱ्हाडाच्या गाड्या लांब लावा, त्यांच्याकडे येणाऱ्यांना दाराशी जागा सोडा.

आणि स्टेटस. हळदीचे व्हिडिओ त्या रात्री फोनवर टाकले गेले का, घरातल्या पोरांना विचारा. गल्लीत सगळ्यांकडे सगळ्यांचे नंबर असतात. तुम्ही डीजे वाजवला नाहीत, पण शेजारच्या सुनेनं तुमच्या घरचं नाचणं फोनवर पाहिलं असेल, तर तुटकपणाचं कारण तिथे असू शकतं.

अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही आणि तुमचे यजमान असे दोघंच एका संध्याकाळी जाऊन बसा. नव्या सुनेला तेराव्याच्या आत नेऊ नका, काही घरांत ते चालत नाही. "त्या दिवशी आम्ही लगेच यायला हवं होतं" एवढं म्हणा. पत्रिका आधीच वाटल्या होत्या, आचारी सांगितला होता, ही कारणं देऊ नका. ती त्यांना ठाऊक आहेत.

प्रश्न : बीडकडून येताना महामार्गावर अपघातामुळे दोन तास अडकलो. उतरून मदत करावी की गाडीतच बसावं?
व्यापारी, अंबाजोगाई

उत्तर : तुम्ही पहिल्या चार-पाच गाड्यांत असाल तर उतरा, चाळिसावे असाल तर बसा. पुढे असाल तर ११२ किंवा १०८ ला फोन, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि तोंड कुठल्या गावाकडे आहे, हे सांगा. 'ढाब्याजवळ' म्हटलं की रुग्णवाहिका तिसऱ्याच ढाब्यापाशी जाते. गाडी पेटण्याचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मान-पाठ दुखावलेली असेल तर ओढण्यानंच हातपाय लुळे पडतात. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घडी करून दाबून धरा आणि सारखं उचलून पाहू नका. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मदत करणाऱ्याला पोलिसांनी नाव सांगायला भाग पाडू नये, असं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं दिलं आहे.

मागे असाल तर मोठी मदत एकच : उलट्या बाजूच्या लेनमध्ये घुसू नका. सगळे घुसतात, समोरची वाहतूकही तुंबते, आणि रुग्णवाहिका दोन्हीकडून अडते. तुमचे दोन तास बरेचसे त्यातच गेले असणार. वाट मोकळी झाली की वेग कमी करून बघत जाऊ नका, मागच्या धडका तिथेच होतात.

प्रश्न : वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला माझ्याकडे अकरा माणसं आहेत. महिन्यातून दोघं-तिघं तरी 'मातीला जायचंय' म्हणून ऐनवेळी सुट्टी घेतात. खरं-खोटं कसं ओळखावं?
सुपरवायझर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ओळखायला जाऊ नका. दहातला एक खोटं बोलला तर तुमची एक पाळी बुडते. नऊ खऱ्यांपैकी एकाकडे तुम्ही पुरावा मागितलात, तर तो माणूस तुमच्यापासून कायमचा तुटतो. अकराच्या शिफ्टला दोन मशिनं चालवू शकेल असा एक माणूस आधीच तयार ठेवा, आणि 'आधी जा, अर्ज परत आल्यावर' असा नियम सगळ्यांना सारखा लावा.

प्रश्न : माझे सासरे किल्लारीजवळचे. घरात काहीही अडचण आली, मुलीची परीक्षा हुकली, माझी नोकरी गेली, की म्हणतात, "किल्लारीत माणसं गेली, हे काय घेऊन बसलात?" त्यांचं खरं आहे, पण ऐकून आपलं दुःख बोलायचीच चोरी होते.
वाचक, औसा

उत्तर : किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे धाब्याचे थर झोपलेल्यांवर आले. सरकारी आकड्यानुसार सुमारे ८,००० माणसं गेली. त्या वेळी ढिगारे उपसलेल्या माणसाला त्यानंतरचं बरंच काही लहान दिसतं, आणि ते त्यांच्यापुरतं खरंच असतं.

पण त्यांचं माप तुमच्या मुलीला लावता येत नाही. दुसऱ्याचं मोठं दुःख पाहून आपली घाई थोपवावी, हे बरोबर. त्या दुःखाखाली आपली अडचण गाडून टाकावी, हे बरोबर नाही. हुकलेल्या परीक्षेचा पुरवणी अर्ज किल्लारी आठवून भरला जात नाही. मुलीला "तुझं वाईट वाटणं खरं आहे, अर्जाची तारीख पाहू" असं सांगा. आणि एखाद्या निवांत संध्याकाळी सासऱ्यांना त्या पहाटेबद्दलच विचारा : तुम्ही कुठे झोपला होता, आधी कुणाला काढलं? दरवेळी किल्लारीचं नाव घेणाऱ्या माणसाला पुष्कळदा पूर्ण सांगायला कुणी बसू दिलेलं नसतं.

प्रश्न : जूनमध्ये चांगला पाऊस झाला, वापसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं झालं, सकाळी आठला पेरणीचा ट्रॅक्टर सांगितला होता. पहाटे भावकीतले चुलते सर्पदंशानं गेले. आई म्हणाली, आज तिफण धरायची नाही. भाऊ म्हणाला, संध्याकाळी पुन्हा पाऊस आला तर रान आठ दिवस हाती लागणार नाही. आम्ही थांबलो, पण मनातून मी त्या दिवशी आभाळच बघत होतो. नऊ एकर सोयाबीन आहे. पुढे असं झालं तर काय करावं?
शेतकरी, जिंतूर तालुका

उत्तर : आभाळ बघितलंत यात लाजण्यासारखं काही नाही. शेतकऱ्याचं वर्ष त्या दोन दिवसांवर असतं, आणि गेलेल्या चुलत्यांनाही ते कळलं असतं.

एक दिवस थांबल्यानं काय जातं ते आधी मोजू. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला असेल तर काळ्या भारी रानातली ओल दुसऱ्या दिवशीही पेरणीजोगी असते. हलक्या मुरमाड रानातली वरची ओल मात्र जून महिन्याच्या उन्हात लवकर उडते. म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आधी मुरमाडात घालावा, काळ्यात नंतर. ओल खाली गेली म्हणून सोयाबीन खोल टाकायचा मोह होतो, तो टाळा. तीन ते पाच सेंटीमीटरच्या खाली गेलेलं बी वर यायला कष्ट पडतात, आणि वर पावसानं पापुद्रा धरला तर कोंब आतच मोडतो. १५ जुलैपर्यंत सोयाबीन पेरता येतं, तेव्हा जूनमधला एक दिवस म्हणजे हंगाम बुडाला असं नाही.

धोका आहे तो प्रक्रिया केलेल्या बियाण्याला. एकरी ३० किलोप्रमाणे नऊ एकरांचं २७० किलो बी तुम्ही रायझोबियम हे जिवाणूखत लावून ठेवलं असेल, तर ते उन्हात किंवा पोत्यात दाबून राहू देऊ नका. सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरा, हवा खेळू द्या. जिवाणू उन्हानं आणि उष्णतेनं मरतात, म्हणून पेरायच्या वेळी पुन्हा एकदा जिवाणूखत लावून घ्या. बुरशीनाशक आधी लावलेलं असेल तर ते पुन्हा लागत नाही. ट्रॅक्टरवाल्याला सकाळीच फोन करून सांगा, "आज गमी आहे, उद्या पहिला नंबर आमचा." नुसतं 'आज नको' म्हटलंत तर तो आठ दिवसांची कामं घेऊन मोकळा होतो.

आता ज्यांच्या घरी गेलं त्यांचं. त्यांच्या रानातही वापसा आहे, आणि तिथे आता पेरायला माणूस नाही. भावकीनं दुसऱ्या दिवशी आपल्या नऊ एकरांआधी त्यांचे दोन-तीन एकर घ्यावेत. ट्रॅक्टर तोच, बी-खत त्यांच्या घरात भरलेलं असतंच. विचारायचं ते काकूंना नको, त्यांच्या भावाला विचारा : "बी कुठं ठेवलंय, कोणतं वावर कशाला राखलं होतं?" राख सावडायला तिसऱ्या दिवशी सगळे जमतात, त्याच्या आत पेरा झालेला असला तर तिथे बसलेल्या प्रत्येकाला हायसं वाटतं.

आणि एक गोष्ट त्याच दिवशी, माती देण्याआधी. सर्पदंशानं शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. पण रडारडीत 'कशाला चिरफाड' म्हणून शवविच्छेदन टाळलं जातं, पोलीस पंचनामा होत नाही, आणि पुढे प्रकरण तिथेच अडतं. हे घरच्यांना सुचत नाही, सुचायलाही नको. भावकीतल्या शांत डोक्याच्या एकानं पोलीस पाटलांना कळवून देह सरकारी दवाखान्यात न्यावा, सोबत दोघं असावेत. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत. सातबारा, तलाठ्याकडून गाव नमुना ६-क प्रमाणे वारसांची नोंद, मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचं बँक पासबुक घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज ३० दिवसांच्या आत द्यावा. पेरणीच्या धांदलीत हे ३० दिवस हां हां म्हणता जातात. तेराव्याला जमाल तेव्हा कागदांची पिशवी कुणाकडे आहे आणि त्यात काय कमी आहे, ते तिथेच पाहून घ्या.